गेळफळाचा न्याय

माझ्या सासरच्या गावाची ओळख करून द्यायची तर आधी नदी सांगावी लागते, कारण गावातली बहुतेक भांडणे तिच्या काठावर सुरू होत. बोईसरच्या पश्चिमेला ही लहानशी नदी खाडीला मिळण्याआधी एका दगडी बंधाऱ्यापाशी अडत असे. बंधाऱ्याच्या वर गोडे पाणी आणि एक खोल डोह. खाली भरतीचे खारे पाणी. पूर्वी भरतीबरोबर मचवे बंधाऱ्यापर्यंत येत, म्हणून भाताच्या गिरण्या तिथेच उभ्या राहिल्या. आतल्या गावांतून गाड्यांनी भात येई आणि तांदूळ होऊन मचव्यांनी जाई. पुढे मालमोटारी आल्या, मचव्यांचे येणे संपले. गिरण्या मात्र काठावरच राहिल्या आणि त्यांच्याभोवती गावही राहिले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लग्न होऊन इथे आले आणि गावच्या शाळेत शिक्षिका झाले. गावाला राग लवकर येई. गिरणीत आधी नंबर कोणाचा, यावरून पोती फेकली जात आणि पोत्यांमागून माणसे. हंगामात एखाद्याचे डोके फुटले नाही असा आठवडा जात नसे. यंत्रेही माणसांसारखीच होती. इंजिनापासून भात सडणाऱ्या हलरपर्यंत फिरणाऱ्या लांब पट्ट्याने कोणाचे बोट नेले होते, कोणाचा पंजा. मुलांना बोटांवर मोजायला शिकवताना वडिलांची बोटे मोजायला सांगू नयेत, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले.

माझे यजमान मधल्या गिरणीत इंजिन आणि हलर सांभाळत. त्यांची बोटे शाबूत होती, यावरून माणूस किती सावध असेल हे वाचकांनी ओळखावे.

आता डोहाची रीत. आमच्या रानात गेळ नावाचे काटेरी झाड आहे. त्याला लिंबाएवढी पिवळट फळे येतात. ती ठेचून साचलेल्या पाण्यात कालवली की साबणासारखा फेस येतो आणि मासे गुंगतात. तोंड वर काढून तरंगू लागतात, मग ते हातांनी वेचायचे. असा मासा साफ करून खाल्ला तर काही बाधत नाही. माणसाच्या पोटात मात्र ते फळ गेले की आतले सगळे उलटून पडते. डोहात गेळ टाकायचे ते वर्षातून एकदाच, होळीनंतर, खालचा कोळीवाडा आणि वरचे वाडीवाले यांनी मिळून ठरवलेल्या दिवशी. त्या दिवसाआधी ज्याने चोरून डोह मारला, त्याला सगळ्यांसमोर तेच फळ खायला घालायचे, अशी शिक्षा होती. ती झालेली पाहिलेली म्हातारी माणसे तेव्हा गावात होती आणि त्याविषयी बोलताना ती आवाज खाली आणत.

त्या वर्षी दिवस ठरला होता, पण उजाडायचा होता. सकाळची शाळा होती. वर्ग भरून हजेरी घेते आहे तोच गिरणीकडून आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ इंजिनाचा आवाज एकदम थांबला. चालू हंगामात भर सकाळी इंजिन थांबणे म्हणजे पट्ट्यात माणूस गेला, असाच आमच्याकडे अर्थ होई. मुलांना जागेवर बसायला सांगून मी धावले.

पट्ट्यात कोणी गेले नव्हते. गिरणीच्या अंगणात कोळीवाडा उभा होता. बायकांच्या हातांत कोयते, पुरुषांच्या हातांत वल्ही. डोहातले मासे रातोरात वर आले होते आणि बायकांनी ते टोपल्यांत भरूनही घेतले होते. माझे यजमान खांबाला पाठ लावून बसलेले. भुवई फुटलेली, सदरा छातीपर्यंत रक्ताने भिजलेला. त्यांच्यासमोर मावशी उभी होती. ही मावशी म्हणजे मी नवी नवरी होते तेव्हापासून आमच्या दारात मासळी घेऊन येणारी कोळीण. तिचा मुलगा आमच्या गोदामातली एक टोपली डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवत होता. टोपलीत गेळफळे होती.

"मास्तरीणबाय, बाजूला व्हा," मावशी म्हणाली. "तुमच्या घोवानं डोह मारला."

"कोण म्हणतं?"

"ही टोपली म्हनते!" तिचा मुलगा ओरडला.

तांदळाला सोंडे किडे लागू नयेत म्हणून वाळलेले गेळफळ पोत्यांमध्ये ठेवण्याची पद्धत आमच्या प्रत्येक गिरणीत होती. ही गोष्ट त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होती. यातल्या निम्म्या बायका गोदामात पाखडायला येत. पण डोहात मासे उलटे आणि डोहाला सगळ्यात जवळच्या गोदामात गेळ, एवढे दिसल्यावर त्या दिवशी कोणाला तिसरी गोष्ट सुचली नाही.

"मी टाकलं नाही," यजमान म्हणाले. "आणि ते मासे खाऊ नका."

"आयकलं काय?" मुलगा हसून लोकांकडे वळला. "मारायचं यानं, नि आमी खायाचं पन नाय! समदं यालाच पायजे!"

"याची बायको शालंत शिकवते नि हा हितं शिकवतो," मागून एक बाई म्हणाली. लोक हसले आणि हसता हसता एकाने वल्ह्याचा टोला त्यांच्या गुडघ्यावर घातला. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

"काठावर बघा," त्यांनी दात आवळून सांगितले. "चिंबोऱ्या मेल्यात. गोगलगायी मेल्यात. गेळानं चिंबोरी मरते का कधी?"

मेलेले खेकडे बघायला कोणी गेले नाही. मावशी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज मऊ झाला होता. "आयक माझं. तू माझ्या पोरासारखा. एकदा हो म्हन. मीच यांना आवरते, पानी पाजते नि घरी धाडते. कबूल केलेल्याला कोन गेळ चारत नाय."

हे खरे होते. रीत तशीच होती. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटले, "अहो, हो म्हणा. म्हणून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी हो म्हटलं तर ही सगळी आज ते मासे खातील."

तिढा एवढाच होता आणि तो मला त्या क्षणी कळला. मासे गेळाने मेले, असे जोवर लोक मानत होते, तोवर त्या टोपल्या चुलीपर्यंत जाणार होत्या. 'नाही' या एका शब्दाखेरीज त्या अडवायला त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. ते 'नाही' म्हणत राहिले आणि लोक मारत राहिले. शेवटी दोघांनी त्यांचे डोके मागे ओढून धरले, मावशीच्या मुलाने जात्यावर भरडलेले गेळ पाण्यात कालवून त्यांच्या तोंडात ओतले आणि नाक दाबले.

पुढचे मी थोडक्यात सांगते. ते ओकले, पुन्हा ओकले, आणि पोटात काही उरले नाही तेव्हा रक्त ओकले. मी मधे पडले तर मला केसांना धरून बाजूला फेकण्यात आले. पडले ती माशांच्या टोपल्यांजवळ. गिरणीच्या मागे तुसाचा ढीग आतल्या आत धुमसत असे. वरून राख, आत निखारा. मी उठले, एक टोपली उचलली आणि त्यात उलटी केली. मग दुसरी. बायका माझ्यावर धावल्या. एकीने कोयत्याची उलटी बाजू माझ्या खांद्यावर मारली. तिसरी टोपली मी तशीच ओतली.

मासे भाजल्यावर जो वास यायला हवा होता तो आला नाही. पिवळट धूर निघाला आणि घशाला, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास अंगणात पसरला. बायका पदराने तोंड झाकून मागे हटल्या. हा वास आम्हाला सगळ्यांना माहीत होता. वरच्या अंगाला नाल्याकाठी कापड रंगवण्याचा एक कारखाना नुकताच सुरू झाला होता. तिकडून वारा आला की हाच वास येई. तो नाला आमच्या डोहात उतरत होता.

वल्ही खाली आली. मग मावशी एकदम किंचाळली, "माझी सून! ती तं पहाटंच टोपली घेऊन गेली!"

तिने गेळफळाच्या टोपलीत दोन्ही हात घातले, ओटीत भरेल तेवढे फळ घेतले आणि कोळीवाड्याकडे धावत सुटली. मागाहून कळले ते असे: कालवण झाले होते, सुनेने आणि दोन्ही नातवंडांनी खाल्लेही होते, आणि धाकट्याचे ओठ काळे पडू लागले होते. मावशीने चुलीवरचे भांडे लाथेने उडवले, गेळ ठेचले आणि एकेकाला मांडीखाली दाबून, जबडा उघडून ते पाजले. सून हाताला कडकडून चावली तरी तिने हात काढला नाही. तिघांच्याही पोटातले सगळे बाहेर पडले.

गिरणीच्या मालमोटारीतून सगळ्यांना पालघरच्या दवाखान्यात नेले. यजमानांना ज्यांनी मारले त्यांनीच उचलून गाडीत ठेवले. संध्याकाळी ते शुद्धीवर आले तेव्हा मावशी पायथ्याशी बसली होती. हाताला पट्टी, त्यावर रक्त.

"कोणी खाल्ले का?" त्यांनी विचारले. आवाज असा निघाला की मला दुसऱ्या माणसाचा वाटला. घसा सोलवटला होता. पुढेही तो पूर्ण बरा झाला नाही.

"तिगांनी. जगतील," मावशी म्हणाली. हातावरची पट्टी सारखी करत म्हणाली, "मेल्या, एवढा मार खाल्लास, पन हो नाय म्हनलास."

"तुझा पोरगा नाक फार जोरात दाबतो," ते म्हणाले. ती हसायला गेली आणि रडू लागली.

कारखान्यावर माणसे विचारायला गेली. तिथला एक साहेब दारापर्यंत आला आणि हिंदीत म्हणाला, "पानी बिलकुल साफ है. पीने लायक है." कचेऱ्यांत अर्ज गेले. पाणी तपासायला माणसे येऊन गेली. पाऊस पडला, डोह भरून वाहिला, आणि गावाला वाटले की आता झाले ते झाले. यजमान कुबडी घेऊन गिरणीत जाऊ लागले, पुढे कुबडीही सुटली.

पाऊस सरल्यावर नाल्यातून कारखान्याचे पाणी पुन्हा उतरले, आता लाल. या वेळी पाणी बंधाऱ्यावरून खाली गेले आणि कोळ्यांच्या जाळ्यांतच बोय आणि काळुंदर हे मासे मरून अडकले. सकाळी कोळीवाडा पुन्हा आमच्या दारात उभा राहिला, त्याच वल्ह्यांसह. मावशीच्या डोक्यावर मेलेल्या माशांची टोपली होती.

"साहेबाला म्हनायचं, पानी साफ हाय तं ह्यातला मासा खा. भाऊ हायेत काय घरात?" तिने मला विचारले.

मी उत्तर द्यायच्या आत यजमान बाहेर आले. त्यांनी चपला घातल्या, तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"अहो, तुम्ही तरी जाऊ नका," मी म्हटले. "तुम्हाला ठाऊक आहे गर्दी काय करते."

"ठाऊक आहे म्हणूनच पुढे चाललोय," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या पुढे नाल्याच्या वाटेला लागले.

दुपारपर्यंत वरून दगडांचे, पत्र्यांचे आवाज येत होते. मग पोलिसांची गाडी गेली. दिवस मावळता मावळता ते परतले. सदरा फाटलेला, त्यावर रक्त. मी अंगभर पाहिले, जखम कुठेच नव्हती. टोपली बरोबर नव्हती.

"तो साहेब भेटला?" मी विचारले.

"भेटला."

"मासा खाल्ला त्याने?"

"खाल्ला नाही," ते म्हणाले. "खायला घातला." त्यांनी हात धुतले, पुसले आणि पाटावर बसले. "मग त्याला पालघरला दवाखान्यात पोचवलं. म्हणून उशीर झाला."