गांगुर्डे अण्णांचं मशीन

दर रविवारी सकाळी गांगुर्डे अण्णा गॅलरीतल्या खिळ्याला आरसा टांगायचे, स्टुलावर उघडे बसायचे आणि स्वतःचे केस स्वतः कापायचे. मागे दुसरा आरसा वहिनींनी धरायचा. तो जरा हलला की अण्णा शांतपणे म्हणत, "अगं, मान माझी हाय, तुझी नाय." पंचवटीच्या बाजूला आमची बौद्ध वसाहत होती, आणि त्यांच्या-माझ्या घरात एकच भिंत. एकाहत्तर साली लग्न होऊन मी तिथे आले, हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, काय चिकट माणूस आहे हा.

चिकट ते अजिबात नव्हते. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. केस कापायचं मशीन त्यांनी भद्रकालीतल्या जुन्या बाजारातून आणलेलं, न्हाव्याकडे असतं तसलं, हाताने दाबायचं. ते नुसतंच फिरवलं तर केस मुळापासून जातात. म्हणून अण्णांनी तुटक्या फण्यांचे तुकडे घासून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले होते. सायकलच्या ट्यूबचं रबर लावून ते मशीनच्या तोंडावर चढवायचे. त्यांना ते 'चपला' म्हणत. मानेला पातळ चप्पल, कानावर मधली, टाळूवर जाड. "ताई, मशीनला अनवाणी सोडायचं नाय. लय ओरबाडतं." हळूहळू वसाहतीतली अर्धी पोरं त्यांच्या स्टुलावर बसायला लागली. माझ्या नवऱ्याचे केसही तेच कापायचे, आणि खोटं कशाला बोलू, बरे कापायचे.

त्यांना एकच मुलगा, सुनील. तो सलूनच्या खुर्चीत कधी बसला नव्हता. कॉलेजात गेल्यावर त्याला कानांवर येणारे केस हवे झाले, तेव्हा बापलेकांची रोज जुंपायची. सुनील विचारायचा, "सगळी पोरं सलूनमध्ये जातात, मीच का नाही?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "तिथं सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात."

खरं कारण वहिनींनी एकदा तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं. अण्णांचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पलीकडचं. तिथला न्हावी आपल्या लोकांच्या डोक्याला हात लावत नसे. लग्नाच्या दिवशी अण्णांचे केस एका मेंढपाळाने मेंढ्यांच्या कातरीने कापले होते, आणि त्या पायऱ्या पायऱ्यांच्या डोक्यावर बाशिंग बांधून ते उभे राहिले. वरातीत मागून लोक हसत होते. नाशिकला नोकरी लागली तेव्हा त्यांनी घरात भांडीकुंडी यायच्या आधी मशीन आणलं. शहरात कुणी जात विचारत नव्हतं, तरी न्हाव्यासमोर मान वाकवायची नाही हे त्यांचं पक्कं झालं होतं.

सुनीलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जयंतीची भाषणं तो ऐकायचा, पण ते सगळं जुन्या काळचं, संपलेलं, असं त्याला वाटे. गावी त्याला कधी नेतच नसत. अण्णा म्हणायचे, "ताई, पोरगा इथं जन्मला. त्याला कोरा राहू दे. हे एकदा कानात गेलं की निघत नाय." आपल्यावरच हे संपावं, पोरापर्यंत पोचू नये, यात त्यांचा सगळा जीव होता. मला तर ते फार पटायचं.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावी सुनीलच्या चुलतभावाचं लग्न निघालं. अण्णांना एकाच दिवसाची रजा मिळाली, आणि घरचं कुणीतरी आधी जायलाच हवं, म्हणून सुनील पहिल्यांदाच गावी, एक दिवस आधी एकटा गेला. गावात रस्त्याला नवं सलून झालेलं, फिरती खुर्ची, मोठा आरसा. बापाची नजर नाही, उद्या लग्न आहे, पोरगा बसला जाऊन. अर्धं डोकं झालं तेव्हा पेपर वाचत बसलेल्या एकाने विचारलं, "कुणाचा रे तू?" सुनीलने अण्णांचं नाव सांगितलं, घर सांगितलं, सगळं खुशीत सांगितलं. न्हाव्याचा हात थांबला. तो म्हणाला, "ऊठ बाबा, माझं दुकान जाईल." सुनील हसून म्हणाला, "अहो, अर्धेच झालेत की." मग तिथल्या लोकांनी त्याला खुर्चीतून ओढून रस्त्यावर मारलं. दोन दात गेले. गळ्यातलं फडकं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पोचले तर सुनीलचे चुलते त्यांच्यावरच उखडले. "एवढ्या घोड्याला एवढंबी ठाऊक नाय?" पोलीस चौकीतून "लग्नघर आहे, वाढवू नका" असं सांगून परत पाठवलं. सुनील डोक्याला टॉवेल गुंडाळून घरी आला. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा अण्णा त्याचे उरलेले केस सारखे करत होते. दोन वेळा चप्पल निसटली त्यांच्या हातून. सुनील आरशात न बघता म्हणाला, "अण्णा, तो ऊठ म्हणाला तेव्हा मला वाटलं गंमत करतोय. तुम्ही सांगितलं असतं तर मी पळालो असतो."

पावसाळा संपायच्या आत सुनील औरंगाबादला नोकरीला लागला आणि घरी यायचा तो फक्त आईसाठी. अण्णा मात्र बदलले. रविवारी पोरांचे केस कापताना ते गावाचं सगळं सांगायला लागले, कातर, वरात, सुनीलचे दात, काहीही न गाळता. पोरं रडत घरी जायची. आयाबाया भांडायला यायच्या, की सुट्टीच्या दिवशी हे काय चालवलंय. हळूहळू स्टुलावर कुणी बसेनासं झालं. शहाऐंशीच्या थंडीत अण्णा दम्याने गेले. सुनीलने अग्नी दिला आणि दोन दिवसांत परत गेला.

अण्णा जाण्याच्या आदल्या वर्षी एकदा संध्याकाळी माझ्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, तुमची उज्ज्वला तिसरीत ना? तिला सांगितलं का?"

"लहान आहे हो अण्णा. पुढे बघू."

"मीबी पुढंच बघत होतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

मला आधी रागच आला. मग पोळ्या तशाच टाकून मी पोरीला जवळ घेतलं आणि जमेल तसं सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "हे माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना माहीत आहे?"

मी म्हटलं, "असेल. त्यांच्या घरी बोलत असतील."

"तरीच," ती म्हणाली, आणि उठून दप्तर भरायला लागली. कशाबद्दल ते मी तेव्हा विचारलं, नंतरही विचारलं. तिने मला अजून सांगितलेलं नाही.