आतल्या दारांचे इनासकाका

इनासकाका कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी तिथल्या कपाटाचं दार उघडून बंद करून पाहत. त्यांची बायको, मार्थाकाकू, म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हाही आधी कपाट बघितलं, मग मला." काका शांतपणे म्हणत, "बिजागरी ढिली होती. तरी हो म्हटलं."

गोखिवऱ्यात त्यांचा सुतारकामाचा गाळा आमच्या घराला लागून होता. मी कॉलेजात गेले तेव्हा घरात अभ्यासाला जागा नव्हती. काकांनी गाळ्यातच मला टेबल बनवून दिलं आणि परीक्षेच्या दिवसांत करवत बंद ठेवली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यात त्या बंद करवतीचा वाटा मोठा आहे.

बोळिंजला माझं स्वतःचं घर झालं, तेव्हा पुस्तकांचं कपाट काकांनीच करायचं, असा मी हट्ट धरला. चौकटीच्या आत बसणारी दारं ही त्यांची खासियत. "चौकटीच्या वरून बसणारं दार चूक झाकतं, बाय. आतल्या दाराची फट चारही बाजूंनी दिसते. लपायला जागाच नाही." प्रत्येक बिजागरीला आधी ते एकच स्क्रू लावत, दार बंद करून फट पाहत आणि मगच बाकीचे पिळत.

डावं दार छान बसलं. उजव्या दाराला बिजागरीची खाच पाडताना मात्र त्यांचा हात थरथरला.

"उजेड कमी आहे," ते म्हणाले. दुपारचं ऊन थेट कपाटावर पडलं होतं.

"उजेड!" सोबत आलेल्या मार्थाकाकू म्हणाल्या. "हल्ली ह्यांच्या हातात कपबशी वाजते. डॉक्टरकडे चला म्हटलं की मलाच ओरडतात."

"तू गप गं."

तेवढ्यात पटाशी घसरली. खाच नको तितकी खोल गेली. काकांनी तरीही दार लावून पाहिलं. ते कललं आणि चौकटीला घासू लागलं. मी धरायला पुढे झाले.

"थांब," ते म्हणाले. दार काढून त्यांनी भिंतीला टेकवलं आणि खाली बसले. "बाय, दुसऱ्या कोणाला तरी बोलव."

"घाई कसली, काका? हात बरा झाला की करा."

"हा बरा होणारा हात नाही. मला कळतं ना."

दोन दिवसांनी तुळिंजचा एक तरुण सुतार आला. काकाही काकूंना घेऊन आले आणि स्टुलावर बसून राहिले. सुताराने खाचेत लाकडाची पातळ पट्टी चिकटवली, दार बसवलं आणि म्हणाला, "अंकल, एकदा चेक करा ना."

काकांनी फटीतून नख फिरवलं. "बरोबर आहे. माझ्यापेक्षा सरळ."

"काय अंकल, मस्करी करताय!" तो हसला. काका हसले नाहीत.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. आत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. रोजच्या सवयीने मार्थाकाकूंनी काकांच्या बाहीवरचा भुसा झटकला. त्या दिवशी बाहीवर भुसा नव्हताच.