शेणकाला आणि माझी डिग्री

चहा येईपर्यंत एक गाढवपणा सांगून टाकतो. दुसऱ्याचा नाही, माझाच. तीस वर्षं नोकरी केली, मोठमोठे पंप बसवले, पण ऑफिसात हे सांगायची कधी हिंमत झाली नाही. तुम्ही घरचे, म्हणून सांगतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नागपूरहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आसगावला परत आलो. आमच्या वस्तीतला पहिलाच. एस.टी.तून उतरलो, तर आमच्या शेताशेजारचे बकाराम काका पुढे आले आणि माझी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. आता सांगा, ज्याची पेटी बकाराम काका उचलतात त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? माझं नाही राहिलं.

घरी माय एकटी. बाबा मी सातवीत असतानाच गेले. तीन एकर धान तिनं एकटीनं सांभाळलं आणि त्यावरच मला शिकवलं. त्या वर्षी धान नेमका गर्भात आला आणि पाऊस गायब! बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी आटलं, चिखलाला भेगा पडायला लागल्या. अशा वेळी चार दिवस पाणी मिळालं नाही की लोंब्या पोचट निघतात आणि वर्षाची मेहनत तणसात, नुसत्या पेंढ्यात जाते. शेताच्या कडेला आमची बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. तिच्यात कमरेएवढं पाणी, काठावर डिझेल इंजिन आणि पंप. सगळी मदार त्या पंपावर.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायसोबत शेतात गेलो. तिनं पदर खोचला, घमेल्यात शेण घेतलं, पाणी घालून पातळ कालवलं आणि पंपाच्या वरच्या तोंडातून आत ओतायला लागली.

माझ्या अंगावर काटाच आला. आमचे वर्कशॉपचे सर म्हणायचे, मशीनमध्ये कचरा गेला की मशीन मेलं. लेथवर धुळीचा कण दिसला तरी वर्गाबाहेर काढायचे. आणि इथे माझी सख्खी माय पंपाला शेण पाजत होती.

"माय, हे काय करून राहिली तू?"

"टाका लागते बाबू. त्याच्याबिगर पाणी नाही उचलत हा."

मी तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं. म्हटलं, आजपासून हा पंप शास्त्रानं चालेल. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसली.

मग मी पंप उघडला. उघडला म्हणजे असा उघडला की नटबोल्ट ठेवायला मायचं लुगडं अंथरावं लागलं! बोडीत उतरून पाइप वर ओढला. त्या पाइपाच्या तळाशी एक चामड्याची झडप असते. पंपानं पाणी ओढावं म्हणून आधी तो वरून पाण्यानं भरावा लागतो; ते पाणी खाली पळू नये, एवढंच तिचं काम. तिच्यावर कितीतरी वर्षांचं शेण बसलेलं. मी चाकूनं खरवडलं, रॉकेलनं धुतलं, ब्रशनं घासलं. झडप लखलखीत करून पुन्हा बसवली आणि वरून पाणी ओतलं.

एक बादली, पाच बादल्या, वीस बादल्या. पंप भरेचना. इंजिन आपलं फटफट करतंय आणि पाण्याचा थेंब नाही.

मी म्हटलं, जोडातून हवा शिरत असेल. गॅस्केट बदलायला पाहिजे. पण गॅस्केट आणायचं कुठून? पेटीत माझी शेवटच्या वर्षाची ड्रॉइंग शीट होती, वर्गात सगळ्यात जास्त मार्कांची. तिचीच गोल गोल कापून गॅस्केटं केली. तरी पाणी नाही. मग सुतळीला ग्रीस लावून पंपाच्या दांड्याभोवती गच्च भरली. नाही. दुसरा दिवस उजाडला. इंजिनाच्या ओट्यावर मी कोळशानं गणित मांडलं, आणि गणितात तर पाणी येत होतं! मायनं डब्यात भात आणला, मी परत पाठवला. म्हटलं, पाणी काढल्याशिवाय घास घेणार नाही.

बकाराम काका येऊन बिडी पेटवून बसले. त्यांच्यामागून दहा-बारा माणसं जमली. काका दर थोड्या वेळानं अगदी आदरानं विचारायचे, किती बादल्या झाल्या इंजिनेर साहेब?

तिसऱ्या दिवशी दुपारी कडेच्या बांधीतल्या धानाच्या पानांची सुरळी व्हायला लागली. माय उठली, शांतपणे माझ्याजवळ आली.

"बाबू, जरा तिकडं तोंड कर."

"काहून?"

"कर ना बापा."

मी तोंड फिरवलं. मागे घमेलं वाजलं, शेण कालवल्याचा आवाज आला, मग ओतल्याचा. इंजिनाचं हँडल फिरलं. आणि धो धो पाणी! आधी हिरवं, मग काचेसारखं स्वच्छ. बांधी भरायला लागली. मला रडू आलं. आनंदाचं की लाजेचं, ते मलाच कळलं नाही.

प्रकार एवढाच होता की ती झडप झिजली होती आणि शेणानं तिच्या फटी बुजायच्या. इतक्या वर्षांचं बुजवण मी हुशारीनं खरवडून काढलं होतं.

"तुले माहीत होतं, तर तीन दिवस काहून नाही बोलली?"

"तू इतकं शिकून आला. मले वाटलं, तुह्याजवळ शेणापेक्षा चांगलं काहीतरी असन."

हे लागलं मला. पण मीही तिचाच पोरगा. दुसऱ्या दिवशी सायकल काढली, पवनीला जाऊन जाड चामडं आणलं, मापात कापून नवी झडप बसवली. चार बादल्यांत पंप काठोकाठ भरला, एक थेंब खाली उतरेना! मी सगळ्यांना बोलावलं. हँडलला हात घालणार, तेवढ्यात मायनं मूठभर शेण आत टाकलं.

"अवो, आता गरज नाही!"

"असू दे. तुह्या डिगरीले नजर नको लागाले."

पंप सुरू झाला. बकाराम काका सगळ्यांना म्हणाले, "पाहा, शेण पडलं तवाच चालला."

पुढे नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात एका पंपहाऊसवर पाठवलं. तिथल्या पंपात वर्षभर कोणालाच दोष सापडत नव्हता. मी काही उघडलं नाही. तिथल्या जुन्या ऑपरेटरला बाजूला नेऊन विचारलं, "दादा, तुम्ही रोज यात काय टाकता?" त्याचा चेहराच उतरला. गळती बुजावी म्हणून लाकडाचा भुसा टाकायचा बिचारा, त्यामुळे ती तपासणीत कोणाला दिसायचीच नाही. तासाभरात दोष सापडला.

मोठे साहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, मशीनला हात लावायच्या आधी माणसाला विचारायचं, हे कोणी शिकवलं तुला?

आणि मी, बेशरम, ताठ मानेनं कॉलेजचं नाव सांगितलं.