माझ्या पाळीची बैठक

आईनं भगरीची ताटली पुढं केली आणि अध्यक्ष खुर्चीतून उठले.

“मावशी, आमचा निर्जळी उपास आहे,” ते म्हणाले. बोलणं आईशी, नजर दाराकडं. त्यांच्या मागोमाग सचिव उठले, मग बाकीचे. सगळे डॉक्टर. सगळे माझ्याबरोबर काम करणारे. बाहेर पडायची एवढी घाई, की एकानं दुसऱ्याच्याच चपलेत पाय घातला. आई हातात ताटली धरून उभी राहिली. मीही उभीच होते. शिकलेली, चारचौघांत बोलणारी मी.

हे कसं घडलं ते सांगते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या जिल्ह्यापासून वेगळी झालेली आम्हा डॉक्टरांची संघटनाही नवी शाखा म्हणून मिरवत होती. पगारी माणूस कोणी नाही, ज्याला हौस त्यानं राबायचं. वर्षाच्या सुरुवातीला सगळे बसून फळ्यावर वर्षभराचं नियोजन करायचे. कुठल्या गावात शिबिर, कुणाचं व्याख्यान आणि महिन्याची बैठक कुणाच्या घरी. बैठकीची पाळी भिशीसारखी फिरायची. ज्याची पाळी त्याच्याकडं चहा-फराळ. मी सगळ्यांकडं गेले होते, सगळ्यांकडं खाल्लं होतं. अध्यक्षांच्या घरी मला काचेचा पेला आणि इतरांना स्टीलचा, हेही बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा आई मुद्दाम बिलोलीकडच्या आमच्या गावाहून आली. तिचा सगळा जन्म दुसऱ्याच्या शेतात गेला. लेकीच्या घरी डॉक्टर लोक जेवतात हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तेवढंच. दुष्काळ असा होता की टँकर आला तर आला. तिनं पाव्हण्यांच्या हातपाय धुण्याला म्हणून घागर भरून झाकून ठेवली. स्वतः अंघोळ केली नाही. सकाळपासून पोहे, शिरा, भजी. लुगडं नवं.

लोक आले, बसले, पुढच्या शिबिराचं बोलले. पोहे आले तसे अध्यक्ष म्हणाले, “अरे, आज चतुर्थी. मला चालणार नाही.”

“माझीही,” सचिव म्हणाले. मग एकामागून एक सगळ्यांचीच चतुर्थी निघाली. त्याच दुपारी हे सचिव दवाखान्यासमोरच्या हॉटेलात भजी खात होते, मी बघितलं होतं. अंगाची नुसती लाही झाली. पण आईचा चेहरा पडला नाही.

“उपास हाय व्हय? मग आधी सांगायचं की, साहेब! बसा, आत्ता भगर टाकते.”

आमच्या घरात भगर कुठली? बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी आईनं देव सोडले, उपासही सोडले. ती पदर खोचून कोपऱ्यावरच्या दुकानात धावली, भगर आणली, शेंगदाण्याचं कूट केलं. ती चुलीशी खपत असताना इकडं वहीत शिबिराच्या तारखा लिहिणं चाललं होतं. भगर आली आणि उपास निर्जळी झाला. घागरीतल्या पाण्याला कुणी हात लावला नाही.

ते गेल्यावर आईनं एक ताटली स्वतःपुढं ओढली आणि खायला बसली. “दुष्काळाचं अन्न. टाकायचं न्हाई.”

मी रडायला लागले. ती म्हणाली, “दुकानदार म्हणला, मावशी, आज कुठली चतुर्थी? मला तिथंच कळालं. तरी आणली. म्हणलं, लबाडी तर लबाडी, तिला धरून तरी दोन घास खातील.” आणखी एक घास घेतला. “गावात भाकर वरून टाकायचे गं. पण द्यायचे तरी. आता तू द्यायली, तर घेईनात.”

त्यानंतर ती गावी गेली, आजारी पडली, मी तिला परत माझ्याकडं आणलं. तापात असली की दाराकडं बघायची. “भगर गार व्हायली. पाव्हण्यांना हाक मार की.” मी म्हणायचे, आई, कोणी नाही. ती म्हणायची, “हायेत. चपला घालून राह्यलेत.” डॉक्टर होते मी. तापावर औषध होतं माझ्याकडं. ह्याच्यावर नव्हतं. तेच बडबडत ती गेली. अजूनही दारात चपलांचा आवाज झाला की मी उठून बघायला जाते.

पुढच्या वर्षाच्या नियोजनाला मी गेले. सचिवांनी फळ्यावर महिने आणि घरं लिहिली. माझ्या महिन्यासमोर लिहिलं, ‘शासकीय विश्रामगृह’.

“मॅडम, पाणीटंचाई आहे. तुमच्यावर भार नको,” अध्यक्ष म्हणाले. “आणि मागास वस्त्यांमधली शिबिरं मात्र तुम्हीच घ्या. तुम्हाला तिथं बरं जमतं.”

भगर गार व्हायली. इतकं स्पष्ट ऐकू आलं, की मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

मी उठले. “टँकर एकच आहे, साहेब,” मी म्हणाले. “आधी तुमच्या गल्लीत थांबतो, मग आमच्या. पाण्याचं नाव कशाला घेता?” फळ्यापाशी गेले. विश्रामगृह तळहातानं पुसलं आणि तिथं लिहिलं, ‘माझ्या घरी’. वस्त्यांच्या शिबिरांपुढं माझं एकटीचं नाव होतं, तेही पुसलं. लिहिलं, ‘सगळे, पाळीपाळीनं’.

बाजूला बसणारे एक वयस्कर डॉक्टर मला हळूच म्हणाले, “राजीनामा द्या, मॅडम. मान राहील.”

“कुणाचा?” मी विचारलं.

माझ्या महिन्यात मी स्वयंपाक केला. कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी परत लिहिलं. राजीनामा मी दिलेला नाही आणि देणारही नाही. ह्या शाखेचं वर्ष जोवर फळ्यावर मांडलं जाईल, तोवर माझ्या महिन्यासमोर मी माझंच घर लिहीन. ज्याला ते नको असेल त्यानं उपास सांगू नये, दुष्काळ सांगू नये. सगळ्यांदेखत उठावं, फळ्यापर्यंत चालत यावं आणि माझ्या डोळ्यांत बघून पुसावं.