रुखसानाची खुर्ची

"तू तिथंच बस," मॅडम म्हणाली.

तिथंच म्हणजे दाराजवळ. चपलांपाशी. मांडीवर मी शिवलेल्या ब्लाऊजांचं गाठोडं. आतमधी पंख्याखाली रुखसाना बसली होती. खुर्चीवर.

ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधी मॅडमचं बुटीक होतं. ब्लाऊज मी शिवत होती, त्याच्यावरचं भरतकाम रुखसाना करत होती. ती चंद्रपूरची. मी बाजूच्या खेड्यातली, कापूस-सोयाबीनवाल्या घरची. नाव मात्र मॅडमचं.

त्या दिवशी गिऱ्हाईक बायांच्या देखत मॅडमनं माह्यं ब्लाऊज दोन बोटांनी उचललं. म्हणाली, "शिवण बरी आहे. पण हात बघा हिचे, शेतातल्या निंदणाचे. आणि हे रुखसानाचे बघा."

बाया हसल्या. मी हात पदराखाली घेतले.

मॅडमचा राग यायले पाहिजे होता. आला रुखसानाचा. तिची सुई तुटो, असं वाटे. घरी मशीनवर बसली तरी तिचीच बोटं डोळ्यांसमोर. तिच्याशी मी कधी बोललीच नाई.

मंग एक दिवस मॅडमनं मले आत बोलावलं. खुर्ची ओढली.

"बस. रुखसाना आता फार बोलायला लागली आहे. तिचं काम तू शिकून घे. मग तिला काढून टाकू."

मी बसली. खोटं काऊन बोलू, लय बरं वाटलं. पंख्याची हवा अंगावर आली. समोर रुखसानाचं अर्धं झालेलं काम पडून होतं, पळसाची फुलं. मॅडम खुशीत होती. सांगून गेली, "तिला मी रोज तुझंच उदाहरण देते. त्याशिवाय तुम्ही बायका नीट काम करत नाही."

मी जिच्यावर जळून राह्यली होती, तिले ही बाई माह्या नावानं जाळून राह्यली होती.

मी उठली. "हे काम रुखसानाचं आहे. मी नाई करत."

गाठोडं उचललं आणि पत्ता विचारत सरळ रुखसानाच्या घरी गेली. तिनं आत ये म्हटलं नाई. मी उंबऱ्यावर उभी राहूनच सगळं सांगितलं. तिनं दार पुरं उघडलं. मंग म्हणाली, "मैं तो तुमसे जलती थी, ताई. मॅडम रोज म्हणे, तिची कटिंग पाहून शिक."

तिच्याच घरातल्या समोरच्या खोलीत आम्ही दुकान टाकलं. कापड संगं आणतो, दोघीले पाहून दुकानदार भावात फसवत नाई. आधी कोणी फिरकलं नाई. मॅडमनं सांगून ठेवलं होतं, ह्या कपडा बिघडवतात म्हणून. मंग एका नवरीचे सगळे ब्लाऊज आले. एकीच्यानं ते झालेच नसते.

गिऱ्हाईक आजही पहिले तिची फुलं पाहते. शिवण कोण पाहते? शिवण तर आतमधीच राहते. मी आजही जळते. रुखसानाले माहीत आहे.

मागच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. मोठं काम आहे, एकटी ये. मी रुखसानाच्या समोरच फोन लावला.

"दोघी येऊ, नाईतर कोणी नाई. आणि नाव आमचं लागन."

मॅडमनं फोन ठेवला. ठेवू दे.

माह्या पोटातली आग माही आहे. ती आता कोणाच्या चुलीले देणार नाई.