मोडीतली नऊ पत्रं

काशीच्या डाकघरात उर्दू वाचणारे होते, नागरी वाचणारे होते, इंग्रजीचे बाबू तर टेबलागणिक. पण देशावरून आलेल्या पत्रांची वळणदार मोडी दिसली, की सगळ्यांच्या माना वेणीमाधवकडे वळत. ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीत जन्मलेला हा टपालवाला इंग्रजी अमलातल्या त्या डाकघरात मोडी वाचणारा एकटाच होता.

एका सकाळी नवे पोस्टमास्तर म्हणाले, "एका लिपीसाठी एक माणूस कशाला? ही नऊ पत्रं बघ. घर नाही, गल्ली नाही. चारला परतीच्या टपालाची थैली बंद होते. तोवर नऊही पोचली तर नोकरी कायम. एक जरी उरलं, तर ते पत्र परत जाईल आणि तूही घरी."

"पत्ता आहे, साहेब. घराचा नाही, गावाचा."

आणि तो निघाला. प्रत्येक पत्रावर यात्रेकरूचं नाव, गाव आणि 'आमचे उपाध्ये यांचे घरी' एवढंच. कुठल्या गावच्या यात्रेकरूंची वही कुठल्या उपाध्यांकडे, हे वेणीमाधवला पाठ. त्या गावचे लोक उतरणार तिथंच. दुपारपर्यंत आठ पत्रं पोचली.

नवव्यावर गावाचं नाव पाण्यानं पुसलेलं. उरलं होतं फक्त 'बकुळाबाई'. मात्र कोपऱ्याला कुंकू होतं, म्हणजे आत शुभवार्ता. परमुलखात पत्राचं नाव काढलं की बायका धास्तावतात. कुंकू पाहिलं की धावत येतात. मराठी बायका धुण्याला जमत त्या शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर वेणीमाधव उभा राहिला, पत्र उंच धरलं आणि बकुळाबाईंच्या नावानं हाका मारू लागला.

धुणं तसंच टाकून एक म्हातारी वर आली. "मीच रे ती. महिनाभर वाटेकडे डोळे लागलेत. वाच."

"आजी, चार वाजत आले. माझी नोकरी जाईल."

"मग चालता चालता वाच. माझे पाय काही गेले नाहीत."

गल्लीत पुढं तो, मागं ती. गायी चुकवत, धापा टाकत तो वाचत होता, "लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे."

"नीट बघ, रंग कुणाचा लिहिलाय?"

"कान तुमचे लिहिलेत."

"अगंबाई, बिचारी."

थैलीवर तापलेली लाख ठिबकत होती, तेव्हा दोघं आत शिरली.

"नववं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

वेणीमाधवनं म्हातारीला पुढं केलं. "पोच आणलीय, साहेब."

"बाबूजी," म्हातारी म्हणाली, "याला सोडा जरा. अजून अर्धं पान राहिलंय."

पोस्टमास्तरांनी हातातला शिक्का खाली ठेवला. "आधी पूर्ण वाचून दे," ते वेणीमाधवला म्हणाले, "आणि उद्या सकाळी वेळेवर ये."