दोन लेकी, एक आदोळी

परवा आमच्याकडे ऊन आणि पाऊस दोन्ही एकदम आले होते. श्रावणाच्या शेवटी केरीला असं होतं. नदीकडून एक सर येते, अंगण भिजवते, आणि ती पुढे सरकायच्या आत मागून ऊन पोचतं. सोप्यावर बसलं की पायांवर ऊन आणि पाठीवर शिंतोडे. वारा मात्र नव्हता. माडाची एक झावळ हलत नव्हती. अशा दिवशी माणसाचा आवाज लांबवर जातो. हे ध्यानात असू द्या, शेवटी लागेल.

आमच्या घरचे किस्से म्हणजे परसातली फणसाची पानं. सकाळी झाडून काढावीत, दुपारी तेवढीच पुन्हा पडलेली! मी ते मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. तेरेखोलच्या फेरीबोटीवर दोर टाकायचं आणि बांधायचं काम मी तीस वर्षं केलं. बोट पाण्याच्या मध्यावर असताना लोकांना काहीतरी ऐकायला लागतं. मी घरचंच सांगायचो. मग पेन्शन आली, बोट सुटली, किस्से राहिले.

माणसं थोडीच आहेत. माझी पहिली बायको वारली तेव्हा सुशीला सहा वर्षांची होती. दोन वर्षांनी मी पार्वतीशी पाट लावला. तीही विधवा. ती आली तेव्हा तिच्या एका हाताला पाच वर्षांची कमल होती आणि दुसऱ्या काखेत आदोळी, ती लाकडी, वर बसून नारळ खोवायची. एवढंच तिचं सामान. पुढे नंदू झाला, तो आमच्या दोघांचा.

त्या पहिल्या दिवशी दोघी पोरी सोप्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. शेजारची काशीबाय कुंपणाशी आली आणि सरळ विचारती झाली, "सोमा, ह्यांतली पार्वतीची खंयची रे?"

पार्वतीची कुठली, हे असं पोरींसमोर! मला राग आला. पार्वतीला नाही आला. ती म्हणाली, "आज नीट बघून घे, काशीबाय. मागीर विचारू नको. माका पण सांगूक जमाचा नाय!"

*

गोवा राज्य झालं त्या वर्षी दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली. सुशीला डिचोलीला दिली. नवऱ्याचा खाणीवर ट्रक. कमल नदीपलीकडे रेडीला. बोटीवर मी सगळ्यांना सांगायचो, "माझी एक लेक गोवा सरकारची, एक महाराष्ट्र सरकारची!"

आता लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचवथीला लेकीच्या घरी माहेरून वजें जातं. म्हणजे एक मोठी पाटी. तिच्यात नेवऱ्या (तुमच्या करंज्या), लाडू, केळीचा घड, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं. ती पाटी सासरी सगळ्यांसमोर उघडतात. शेजारणी बघायला येतात. पाटी लेकीची, पण परीक्षा आईबापाची!

पार्वतीने दोन पाट्या भरल्या. मी डोकावून बघितलं तर सुशीलेच्या पाटीत नेवऱ्या काठोकाठ आणि कमलच्या पाटीत तळाला.

"हे काय?" मी म्हटलं.

"सावत्र आवशीन हात आखडलो, असा कोण म्हणूक नको," ती म्हणाली.

पण माझ्या मनातही तेच होतं, फक्त उलट्या बाजूने. पाट्या पोचवायला सकाळी मीच निघालो होतो. बाहेर पडवीत सुशीलेच्या पाटीतला केळीचा घड काढला आणि कमलच्या पाटीत ठेवला. माटोळीचं तोरंजन, ते पपनसासारखं फळ, चांगलं डोक्याएवढं, तेही तिकडेच सरकवलं.

आठ दिवसांनी दोन्हीकडून बातमी आली. रेडीची विहीण म्हणाली होती, "कमलची आवस हाताची आखडती, पण बापूस देवमाणूस!" आणि डिचोलीची विहीण म्हणाली होती, "सुशीलेचो बापूस चिकट, आवस मात्र लक्ष्मी!"

पार्वतीने माझ्याकडे बघितलं. केळ्यांचं काय झालं ते तिला तेव्हाच कळलं असणार. म्हणाली, "बरा झाला. दोनय घरांत सख्ख्याक शिव्या आणि सावत्राक मान!"

खरं तर वजें पहिल्या वर्षापुरतंच असतं. पार्वतीने ते दरवर्षी चालवलं. आणि मी दरवर्षी केळी हलवली.

*

सुशीलेचं सासर भरलेलं. एका ट्रकाचे दोन ट्रक झाले. एकदा ती मिक्सर घेऊन आली, नवाकोरा, खोक्यासकट. सोप्यावर ठेवून म्हणाली, "हो मिक्सर बाबांक हाडलां."

मला! मी उभ्या जन्मात चटणी वाटली नव्हती. पण काय होतं, 'आईक हाडलां' हे सुशीलेच्या तोंडून निघत नसे. एवढी वर्षं ती पार्वतीला 'अगे' म्हणायची, नाहीतर काहीच नाही.

पार्वतीने तो खोक्यासकट चुलीशेजारी ठेवला. दुसऱ्या सकाळी तिने खोबरं, मिरच्या, धणे सगळं माझ्यासमोर आणून मांडलं. "मिक्सर तुमचो. वाटप तुमी वाटा."

एक महिना मी वाटप वाटलं, ड्युटीवर जायच्या आधी. पहिल्या दिवशी झाकण लावायचं राहिलं. भिंतीवर हळदीचा डाग अजून आहे, या बघायला.

महिन्याने सुशीला आली तेव्हा मी कमरेला पंचा गुंडाळून माशांच्या हुमणाचं वाटप करत होतो. ती दारातच उभी राहिली. "बाबा, हें किदें?"

"तुझा गिफ्ट वापरतंय गो!"

ती चपला काढून आत आली. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आई, बाबांक बाजूक कर गो. पुरो जालें आतां."

पार्वती उठली, मिक्सरचं बटण बंद केलं आणि मला म्हणाली, "आयकलात मां? आता जावा बोटीर!"

*

कमल दर दिवाळीला आईला लुगडं आणायची. मला काही नाही. मी तिला 'काका'. काकाला काय द्यायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि माझी तक्रारही नव्हती. पण सुशीलेच्या डोळ्यांवर यायचं. एका दिवाळीला ती बोललीच, "बाबांक कांयच ना?"

पुढच्या दिवाळीला कमलने शर्ट आणला. टेरीकॉटचा, निळा. मी अंगात घातला तर खांदे कोपरापर्यंत आले आणि खाली गुडघे झाकले!

सुशीला हसायला लागली. "माप तरी घेवंचें न्हय गो?"

कमलची मान खाली गेली. हळूच म्हणाली, "माका लहानपणापासून ते येवढेच दिसतत."

तो शर्ट मी कधी लहान करून घेतला नाही. पार्वती सुई-दोरा घेऊन मागे लागायची, मी पळायचो.

पुढच्या दिवाळीला सुशीलेने शर्ट आणला. तो त्याहून दोन नंबर मोठा!

*

जावयांचं एक छोटं सांगतो. ते कोकणी-मराठीचे दिवस होते, घराघरात वाद. डिचोलीचा जावई कोकणीवाला, रेडीचा मराठीवाला. चवथीला दोघे आमच्या सोप्यावर भांडले. भांडता भांडता कोकणीवाला मराठीतून ओरडत होता आणि मराठीवाला कोकणीतून!

मला दोघांना मानाचा नारळ द्यायचा होता. आधी कोणाला? सुशीला थोरली, पण कमलचा नवरा वयाने मोठा. मी दोन नारळ सोप्यावर मध्ये ठेवले, म्हटलं "ज्याका जो होयो तो घेवा," आणि बोटीवर निघून गेलो.

कोणीच घेतला नाही. दोन दिवस नारळ तिथेच. तिसऱ्या दिवशी पार्वतीने दोन्ही फोडून सोलकढी केली. जावई तीन तीन वाट्या प्याले.

*

नंदू पणजीला ऑफिसात लागला तेव्हा त्याने ठरवलं की या घरातला हा घोळ आपण मोडायचा. भाऊबीजेला दोन्ही बहिणींना एकसारखी साडी. एकाच गठ्ठ्यातली, एकच रंग, एकच काठ. "आता बोला!" म्हणाला.

दोघींनी ती साडी ठेवली आणि गावच्या जत्रेला नेसल्या. एकाच दिवशी, एकमेकींना न सांगता.

फुलवालीने वर बघून विचारलं, "जुळ्यो काय गो तुमी?"

"ना!" सुशीला म्हणाली. "नाय!" कमल म्हणाली. एकाच वेळी!

मग दोघींनी मिळून नंदूला गाठलं आणि खाज्यांच्या दुकानासमोर, सगळ्या जत्रेत, त्याची खरडपट्टी काढली. एकीचं वाक्य संपलं की दुसरीचं सुरू. नंदू घरी येऊन म्हणाला, "आई, ह्यो दोगी वेगवेगळ्यो बऱ्यो होत्यो!"

*

पार्वती गेली त्याला दोन वर्षं झाली.

जायच्या आधी तिने मला एवढंच सांगितलं होतं, "हातातल्यो पाटल्यो सुशीलेक. आदोळी कमलक." बाराव्याला मी तसंच केलं. सगळ्यांसमोर सोन्याच्या दोन पाटल्या सुशीलेच्या हातात दिल्या, आणि कमलपुढे आदोळी ठेवली. दात झिजलेली, पाय एका बाजूला कलणारा.

कमल उठली. आदोळी फडक्यात गुंडाळली आणि बोटीला गेली. सख्ख्या आईने सोनं दुसरीला दिलं, आपल्याला लाकूड, हे तिच्या तोंडावर होतं. मला दिसलं. पण मी हळू माणूस. बोट किनाऱ्याला टेकल्याशिवाय दोर टाकायचा नाही, ही सवय. आज तिला कळेल, उद्या कळेल, म्हणून थांबलो.

एक चवथ दुखवट्यात गेली. दुसऱ्या चवथीला मी स्वतः पाटी घेऊन रेडीला गेलो. नेवऱ्या काशीबायच्या सुनेने तळून दिल्या होत्या. केळी या वेळी हलवावी लागली नाहीत. कमलने पाटी घेतली, "काका, चाय घेवा" म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या अंगात तिचाच निळा शर्ट होता.

परत येताना बोटीवर मला कळलं की ही लेक आता माझ्या घरी यायची नाही. दोर मीच टाकायला हवा होता.

म्हणून, वर्षभर रेंगाळून का होईना, परवा दोघींना बोलावलं. कमलला निरोप दिला, "येताना आदोळी हाड." तिला वाटलं असेल, म्हातारा तेवढीही परत मागतो. आली, आदोळी घेऊन. सुशीलाही आली. दोघी सोप्याच्या दोन टोकांना बसल्या.

मी सांगितलं. पाटल्या सुशीलेच्या आईच्या. पाट लागला तेव्हा मीच पार्वतीच्या हातात घातल्या. सुशीलेला आठवत नव्हतं, ती लहान होती. पार्वतीने पंचवीस-तीस वर्षं त्या वापरल्या, पण कधी 'माझ्या पाटल्या' म्हणाली नाही. आणि या घरात येताना तिने स्वतःचं असं जे आणलं, ते दोनच. एक आदोळी आणि एक कमल.

कमल पदर तोंडाला लावून बसली. सुशीला हातातल्या पाटल्या फिरवत राहिली. मग तिने एक काढली, सोप्यावरून सरकवली. "घे."

"माका नको," कमल म्हणाली. "त्यो तुझ्या आवशीच्यो."

"मग ती आदोळी माका दी."

कमलचं रडणं थांबलं. "आदोळी कित्याक?"

"त्या आदोळीर बसवून तिणा माका खोवूक शिकवला," सुशीला म्हणाली. डिचोलीला जाऊन तिची बोली बदलली होती, ती परवा पुन्हा केरीची झाली. "बोट कापला तेवा आपलो पदर फाडून बांधलो. तुका शिकवूक घेतला की तू पळान जायस!"

"म्हणून काय झाला? माझ्या आवशीची ती!"

"माझ्या आवशीची नाय काय?"

एकीने आदोळीचं पातं धरलं, एकीने पाय. एक ओरडली की दुसरी त्याच्या वर. पाटली सोप्यावर तशीच, तिच्यावर पावसाचे शिंतोडे, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी मध्ये पडलो नाही. पाय उन्हात लांब केले आणि बसून राहिलो.

काशीबायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला आता दिसत नाही. आवाज ऐकून ती कुंपण चाचपत आली, थोडा वेळ कान देऊन उभी राहिली, आणि मला म्हणाली, "सोमा, आवाजावरून काय कळना नाय रे. ह्यांतली पार्वतीची खंयची?"